टूलबारचं कुठलंही बटण दाबा, येतो 'काटा ४'. आमच्याकडे काटे तीनच आहेत!

काटेदुरुस्ती (सांगली):

नमस्कार मंडळी. आधी माझं सांगतो, म्हणजे प्रश्न कुठल्या पातळीवरचा आहे ते कळेल. मी इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करतो. लोडसेल (काट्यातला वजन जाणणारा भाग) बदलणं, इंडिकेटरचं कॅलिब्रेशन, उंदरांनी कुरतडलेल्या केबली जोडणं हा आपला धंदा. सी शिकलो डिप्लोमाला, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. त्यानंतर वीसेक वर्षं सीला हात लावलेला नाही.

मावसभावाचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. गोदामात तीन प्लॅटफॉर्म काटे. तोलाईदार वजन ओरडतो, पोरगं वहीत उतरवतं, संध्याकाळी दिवाणजी बेरीज मारतात आणि दोनदा मारली की दोन वेगळ्या येतात. मी म्हटलं, इंडिकेटरच्या पाठीला आरएस-२३२ चं तोंड आहेच, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकू आणि वजन थेट पडद्यावर आणू. सी आणि जीटीके ३ (खिडक्या-बटणं काढायची लायब्ररी) घेतलं. वर एक टूलबार: काटा १, काटा २, काटा ३, थेट वाचन, बारदान, नोंद, बंद. बटणं मुद्दाम मोठी ठेवलीत. इथं कीबोर्डच्या फटीत हळदीची पूड बसते, स्पेसबार आत्ताच पिवळा झालाय, त्यामुळे सगळं माउसवर.

लिहितोय मोबाइलवरून आणि त्यावर मराठीच कळफलक आहे, म्हणून कोडसुद्धा देवनागरीत टाकतो. हसू नका.

इंट आय;
फॉर (आय = १; आय <= ३; आय++) {
  बटण = जीटीके_टूल_बटण_न्यू(नल, नाव[आय]);
  जीटीके_टूलबार_इन्सर्ट(टूलबार, बटण, -१);
  जी_सिग्नल_कनेक्ट(बटण, "क्लिक्ड", जी_कॉलबॅक(काटा_निवडला), &आय);
}

आणि कॉलबॅक, म्हणजे बटण दाबल्यावर चालायचं फंक्शन, असा:

व्हॉइड काटा_निवडला(जीटीके_टूल_बटण *ब, जीपॉइंटर डेटा) {
  इंट क्र = *(इंट *)डेटा;
  काटा_उघड(क्र);
}

फंक्शनचं नाव कंसाशिवाय द्यायचं असतं हे कळायलाच एक अख्खा रविवार गेला. पण आता जे होतंय ते त्याहून चमत्कारिक आहे. तिन्हीपैकी कुठलंही बटण दाबा, क्र मध्ये ४ येतो. चार नंबरचा काटा आमच्या गोदामात नाही, कधी नव्हता. लूपमध्ये प्रिंटएफ टाकून पाहिला तर तिथं १, २, ३ बरोबर छापतो.

म्हटलं मेनमध्ये फार गर्दी झाली, टूलबारचा भाग वेगळ्या फंक्शनमध्ये काढू. काढला, मेनमधून हाक मारली. एक अक्षर बदललेलं नाही. तर आता ४ सुद्धा येत नाही! कधी ३२७६५, कधी ३२७६४, एकदा तर प्रोग्रॅम सरळ मेला.

मूळ अडचण बहुतेक माझ्या डोक्यात आहे. टर्बो सीमध्ये मी गेटसीएचनं विचारायचो, बाबा कुठली कळ दाबली? मग स्विच, मग केस. विचारणारा मी. इथं विचारायचं कुणी आणि कधी?

---

पायथनप्रेमी:

काका, २० ओळींत होईल पायथनमध्ये. सीमध्ये डोकं कशाला फोडताय?

---

काटेदुरुस्ती:

लॅपटॉपला १ जीबी रॅम आहे, तोही कुरकुरत चालतो. आणि खरं सांगू का, जे येतं त्यातच करायचंय. या वयात तिसरी भाषा नको. (दुसरी मराठी.)

---

सेमीकोलन_ताई:

काका, तुमची लक्षणं इतकी स्वच्छ आहेत की शिकवायला वापरावीत. '४' आणि '३२७६५' हे दोन्ही आकडे स्वतःच उत्तर सांगतायत.

कॉलबॅक म्हणजे तुम्ही हमालाला दिलेली चिठ्ठी समजा. 'बटण दाबलं गेलं की हे काम कर' असं सांगून चिठ्ठी त्याच्या खिशात घातली आणि तुम्ही पुढं निघून गेलात. तो काम आत्ता करणार नाही. तासाभरानं करेल, कधीच करणार नाही, किंवा दिवसातून शंभरदा करेल. आता त्या चिठ्ठीवर तुम्ही काय लिहिलंत? 'काटा १' असं नाही लिहिलं. तुम्ही लिहिलंत, 'काट्याचा नंबर दारातल्या फळ्यावर आहे, तिथं बघ.' तिन्ही हमालांना तीच चिठ्ठी, तोच फळा. &आय म्हणजे फळ्याचा पत्ता. लूप फिरताना तुम्ही फळा पुसून १, मग २, मग ३ लिहीत गेलात, आणि शेवटी ३ च्या पुढं गेलोय हे कळायला आय ४ व्हावाच लागतो. त्यानंतर पहिलं बटण दाबलं गेलं. हमालानं फळ्यावर बघितलं: ४. त्याचं काय चुकलं?

खात्री करायची तर लूपमध्ये आयची किंमत छापू नका, पत्ता छापा. %पी वापरा. तीनदा एकच पत्ता दिसेल.

आता ३२७६५. मेनमध्ये होतं तोवर जीटीके_मेन चालू असेपर्यंत मेन संपत नव्हतं, त्यामुळे आय जिवंत होता, फळा जागेवर होता. वेगळ्या फंक्शनमध्ये नेल्यावर ते फंक्शन संपलं आणि त्याचा स्टॅकवरचा (फंक्शन चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मेमरीतला) तुकडा पुढच्या फंक्शनांना वापरायला मोकळा झाला. फळा काढून तिथं दुसऱ्या कुणीतरी आपलं सामान ठेवलं. ३२७६५ हेक्समध्ये लिहून बघा: ७एफएफडी. ६४-बिट लिनक्सवर स्टॅकचे पत्ते साधारण असेच सुरू होतात. म्हणजे तुम्ही काट्याचा नंबर म्हणून भलत्याच कुणाच्यातरी पॉइंटरचा वरचा अर्धा भाग वाचताय. 'एकदा मेला' याचं आश्चर्य नाही, रोज मरत नाही याचं आहे.

उपाय: आकडाच चिठ्ठीवर लिहा. &आय च्या जागी जीइंट_टू_पॉइंटर(आय), आणि कॉलबॅकमध्ये इंट क्र = जीपॉइंटर_टू_इंट(डेटा). इथं डेटा हा पत्ता नाहीच, पत्त्याच्या खोक्यात बसवलेला आकडा आहे, त्यामुळे त्याच्यापुढं चांदणी लावून उघडायला जाऊ नका.

पण तुम्हाला नुसता नंबर पुरणार नाही. प्रत्येक काट्याचा पोर्ट वेगळा, बारदान वेगळं, शेवटचं वजन वेगळं. तेव्हा एक स्ट्रक्ट (एका काट्याची सगळी माहिती एकत्र ठेवणारा साचा) करा आणि फायलीच्या वरच्या भागात स्टॅटिक काटा काटे[३] असा अॅरे ठेवा, कनेक्टमध्ये &काटे[आय - १] द्या. तिघांना तीन वेगळे पत्ते मिळतील, आणि स्टॅटिक असल्यामुळे प्रोग्रॅम संपेपर्यंत ते जागचे हलणार नाहीत. काटे किती हे आधी माहीत नसतं तर जी_न्यू० नं हीपवर जागा घ्यायला सांगितलं असतं, पण गोदामात चौथा काटा येणार नसेल तर कशाला.

पुढच्या वेळी कंपाइल करताना -एफसॅनिटाइझ=अॅड्रेस लावून बघा. असल्या चुकांपैकी बऱ्याच तो ओळीसकट पकडून देतो.

एक विचारते. 'बंद' बटणाला आणि खिडकीच्या फुलीला एकच फंक्शन जोडलंय का? असेल तर फुली दाबून बघा.

---

काटेदुरुस्ती:

ताई, फळ्याचं वाचलं आणि रात्री साडेअकराला उठून लॅपटॉप उघडला. स्टॅटिक अॅरे केला. काटा १ म्हणजे १, २ म्हणजे २. आमच्या दुकानात खरंच दाराशी फळा आहे, भावाचा, तोही दिवसातून दहादा पुसला जातो. आता तो बघितला की आय दिसतो.

आणि तुम्ही फुलीचं कसं ओळखलंत? 'बंद' बटण दाबलं की नीट बंद होतं, पोर्टही बंद होतात. फुली दाबली की सेगमेंटेशन फॉल्ट. मी म्हणत होतो बंदच तर करायचंय, मेला तर मेला.

---

सेमीकोलन_ताई:

ओळखलं कारण मीही केलंय. 'क्लिक्ड' सिग्नल तुमच्या फंक्शनला दोन गोष्टी देतो: बटण आणि डेटा. फुलीचा 'डिलीट-इव्हेंट' तीन देतो: खिडकी, इव्हेंट आणि मग डेटा. तुमचं फंक्शन दुसरी गोष्ट डेटा समजून घेतं, म्हणजे फुलीच्या वेळी इव्हेंटलाच काट्यांचा अॅरे समजून त्यातले पोर्ट बंद करायला जातं.

कंपायलर गप्प का? जी_कॉलबॅक हा मॅक्रो फंक्शनला 'काहीही न घेणारं, काहीही न देणारं' अशा पॉइंटरमध्ये बदलतो, आणि जीसीसी (आपला सी कंपायलर) नेमका त्याच प्रकाराला सवलत देतो. जादा इशारे मागणारं -डब्ल्यूएक्स्ट्रा लावलं तरी बोलणार नाही. सिग्नलला काय काय मिळतं ते दरवेळी कागदपत्रांत बघायचं, याला पळवाट नाही. फुलीसाठी तीन आर्ग्युमेंटचं वेगळं छोटं फंक्शन करा, आत 'बंद'वालंच बोलवा. त्याला रिटर्न व्हॅल्यूही असते बरं का: ट्रू दिलं तर खिडकी बंद होत नाही, फॉल्स दिलं तर होते.

---

काटेदुरुस्ती:

फुली झाली. आता 'थेट वाचन'. हे दाबून आत राहणारं बटण आहे, टॉगल टूल बटण. 'टॉगल्ड' सिग्नलवर माझं फंक्शन, त्यात व्हाइल लूप: बटण आत आहे तोवर रीड कर आणि लेबलवर वजन लिही. बाहेर आलं की लूप संपेल.

दाबलं. बटण आत गेलं आणि तिथंच राहिलं. लेबल बदलत नाही, दुसरं कुठलं बटण दबत नाही, थोड्या वेळानं 'प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही' म्हणून पाटी येते. वजन मात्र टर्मिनलवर धबाधबा छापतंय. तोलाईदार मागं उभा राहून म्हणाला, "मशीन बिघडवणाऱ्याचंच मशीन बिघडलं की."

---

पायथनप्रेमी:

लूपमध्ये ही ओळ टाका काका, सुटेल: व्हाइल (जीटीके_इव्हेंट्स_पेंडिंग()) जीटीके_मेन_इटरेशन();

---

काटेदुरुस्ती:

चाललं! लेबल हलतंय, बटण बाहेर येतंय. आभार.

(तासाभरानं) नाही चाललं. काटा १ चं वाचन चालू असताना काटा २ दाबलं तर वजनं एकमेकांत मिसळतात. आणि वाचन चालू असताना फुली दाबली तर टर्मिनलवर लाल ओळींचा पाऊस.

---

रात्रपाळी:

ती ओळ काढून टाका. ती ओळ म्हणजे तुमच्या कॉलबॅकच्या पोटात दुसरा कॉलबॅक सुरू करण्याची परवानगी. काटा १ चं फंक्शन अर्धवट उघडं असताना काटा २ चं आत शिरतं आणि पोर्ट बदलून बाहेर जातं. फुलीचंही तेच: खिडकी गेली, लेबल गेलं, पण तुमचा लूप अजून त्या लेबलवर लिहितोय.

मी कारखान्यात रात्री पीएलसी (यंत्रं चालवणारे कंट्रोलर) आणि सिरियल केबली बघतो, त्यामुळे हे रोजचं आहे. पहिल्या पोस्टमध्ये विचारलंत ना, विचारायचं कुणी? विचारणारा आहे. जीटीके_मेन हाच तुमचा गेटसीएचवाला लूप, फक्त तो तुम्ही लिहिलेला नाही. तो सगळ्यांना फिरून विचारत असतो: माउस हलला का, खिडकी रंगवायची आहे का, कुणाचा टायमर झाला का. तुमचा कॉलबॅक चालू असतो तेव्हा तो लूप तुमच्यापाशी थांबलेला असतो. तुम्ही आतच व्हाइल मांडून बसलात तर बाकी सगळी रांग खोळंबणार. कॉलबॅकनं चटकन काम करायचं आणि परतायचं.

मग वाचन कुणी करायचं? त्याच लूपला सांगा की या पोर्टवरही लक्ष ठेव. जीलिबमध्ये (जीटीकेच्या खालची लायब्ररी) जी_युनिक्स_एफडी_अॅड आहे (जीलिब-युनिक्स.एच हेडर घ्या). त्याला पोर्टचा फाइल डिस्क्रिप्टर (पोर्ट उघडल्यावर मिळालेला नंबर), जी_आयओ_इन (वाचायला काही आलं की कळव), तुमचं फंक्शन आणि तो &काटे[...] द्या. पोर्टवर काही आलं की तुमचं फंक्शन बोलावलं जाईल. तुम्ही वाचा, लेबलवर लिहा आणि जी_सोर्स_कंटिन्यू परत द्या. पोर्टवर लक्ष ठेवायला सांगणारं ते एफडीवालं फंक्शन एक नंबर परत देतं, तो काट्याच्या स्ट्रक्टमध्ये जपून ठेवा, बटण बाहेर आलं की जी_सोर्स_रिमूव्हला तोच द्यायचाय. म्हणजे टूलबारचं बटण आता वाचत नाही, फक्त वाचन सुरू किंवा बंद करून मोकळं होतं.

दोन खड्डे आधीच सांगून ठेवतो.

एक, रीडला पूर्ण ओळ मिळेल असं धरू नका. पोर्ट कच्च्या मोडमध्ये उघडलात तर इंडिकेटरनं पाठवलेले ४९.८५ दोन तुकड्यांत येतील, आधी ४ आणि मग ९.८५. पोतं ९.८५ किलोचं नोंदलं जाईल आणि शेतकरी तुमच्या दारात येईल. जे येईल ते बफरला जोडत जा, ओळ संपल्याची खूण आली की मगच आकडा काढा.

दुसरा, लॅपटॉपच्या यूएसबीत घातलेली सिरियल केबल उपटली जाणार. गोदाम आहे, पोत्यात पाय अडकणारच. तेव्हा जी_आयओ_इन बरोबर हप (पलीकडचं टोक गेलं) आणि एररही मागून घ्या. हप किंवा एरर आल्यावर कंटिन्यू परत दिलंत तर फंक्शन सेकंदाला हजारो वेळा बोलावलं जाईल आणि तुमचा तो १ जीबीवाला लॅपटॉप विमानासारखा आवाज करेल. जी_सोर्स_रिमूव्ह नावाचं फंक्शन आहे आणि मोठ्या लिपीतलं त्याच नावाचं मूल्यही आहे, गोंधळू नका. इथं मूल्य परत द्यायचं, आणि जपलेला नंबर शून्य करायचा. नाहीतर नंतर बटण बाहेर आल्यावर तुम्ही तोच नंबर पुन्हा काढायला जाल आणि 'हा सोर्स सापडला नाही' अशी तक्रार येईल.

---

काटेदुरुस्ती:

रात्रपाळी साहेब, ९.८५ चं तुम्ही लिहिलंत आणि मी जाऊन कालची वही उघडली. माझ्या चाचणीच्या नोंदींत ९.८ आणि ९.९ अशी सात पोती होती. मला वाटलं लोडसेल गेला. उद्या बदलणार होतो!

एफडीवालं बसवलं. व्हाइल काढला तेव्हा जरा चुकचुकलं, पण गेला.

आता राहिलं एवढंच: पोर्ट उघडला नाही, समजा केबलच नाही, तर बटण परत बाहेर यायला हवं. म्हणून मी त्याच कॉलबॅकमध्ये सेट_अॅक्टिव्ह फॉल्स करतो. तर लगेच 'टॅग शून्यापेक्षा मोठा हवा' अशी तक्रार छापून येते. मी तर काहीच काढत नाहीये.

---

सेमीकोलन_ताई:

काढताय. बटण माणसानं बाहेर काढलं की कोडनं, 'टॉगल्ड' दोन्ही वेळी वाजतो. तुम्ही सेट_अॅक्टिव्ह म्हणताच तुमचंच फंक्शन तुमच्याच आत पुन्हा चालतं, या वेळी 'बंद करा' च्या वाटेनं, आणि शून्य नंबरचा सोर्स काढायला जातं. सेट_अॅक्टिव्हच्या आधी जी_सिग्नल_हँडलर्स_ब्लॉक_बाय_फंक, नंतर अनब्लॉक. दोन्हीला कनेक्ट करताना दिला होता तोच डेटा द्या, नाहीतर ब्लॉक होणार नाही. त्याहून सोपं म्हणजे बंद करण्याच्या वाटेवर 'नंबर असेल तरच काढ' अशी एक इफ. मी दोन्ही करते.

---

रात्रपाळी:

जाता जाता, जीटीके ४ डिसेंबर २०२० मध्ये आलं, त्यात जीटीके_टूलबार नाहीच. आडवा बॉक्स, त्यात साधी बटणं आणि 'टूलबार' हा सीएसएस वर्ग, असं करतात. तुमचं ३ वर चाललंय, चालू द्या. आणि देवनागरी कोडचं हसण्यावारी नेऊ नका, जीसीसी १० पासून व्हेरिएबलचं नाव थेट देवनागरीत लिहिलेलं चालतं. फॉर आणि व्हाइल तेवढे इंग्रजीत.

---

काटेदुरुस्ती:

सगळं बसलं. आज भाऊ समोर असताना मुद्दाम केबल उपटली. बटण आपोआप टक्कन बाहेर आलं, लेबलवर 'केबल बघा' आलं. भाऊ बाकी कशानं नाही, तेवढ्यानं खूश झाला.

एक गोष्ट मात्र तुमच्यापैकी कुणी सांगितली नाही, ती तोलाईदारानं पहिल्या दहा मिनिटांत दाखवली. तो 'नोंद' दोनदा दाबतो. लिफ्टचं बटण दाबतात तसं. एकच पोतं दोनदा चढतं. आता असं केलंय की नोंद झाली की त्या बटणाला जीटीके_विजेट_सेट_सेन्सिटिव्ह फॉल्स, ते फिकट होतं. काट्यावरचं वजन १ किलोच्या खाली गेल्याशिवाय, म्हणजे पोतं उतरल्याशिवाय, पुन्हा जागं होत नाही. जागं करायचं काम त्या एफडीवाल्या फंक्शनमध्येच टाकलं.

दिवाणजींनी तरीही वहीत बेरीज मारली. त्यांची आणि मशीनची ५० किलोनं चुकतेय. एक पोतं कुणाकडे तरी जास्त आहे. थप्पी मोजायला गोदामात चाललोय.